गुरुवारचं काळं पाणी

झालेल्या सहलीचे फोटो असतात. किस्से मात्र न झालेल्या सहलीचेच साठतात! आमच्या चाकणच्या कंपनीत कायाकची सहल वर्षभर नुसती ठरत होती. त्यामुळे माझ्याकडे एवढा माल साठलाय की ऐकायला कुणी सापडला की मी सोडत नाही. आज तुम्ही सापडलात, बसा आता.

*

सुरुवात केली सिद्धार्थनं. टूलरूमला असतो, राहायला दापोडीत. कँटीनमध्ये त्यानं मोबाइलवर कुठल्याशा परदेशातली नदी दाखवली. पालापाचोळा मुरून पाणी कोऱ्या चहासारखं काळं, पण स्वच्छ. त्यावर एकच माणूस निवांत वल्हं मारतोय.

"ब्लॅकवॉटर म्हणतात याला. असल्या शांत पाण्यात एकदा कायाक चालवायची राव!"

प्रेस शॉपचे दत्ताभाऊ तळेगावकडच्या जुन्या गावातले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काळ्या पाण्यासाठी परदेश कशाला? तुज्या दापोडीत नदीच्या पुलावर हुबा ऱ्हा की!"

"भाऊ, तिथं मी जन्मापासून उभाच आहे!"

*

शेवटी चाकणच्या पलीकडं भामा नदीच्या धरणाचा फुगवटा ठरला. लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. सिद्धार्थनं त्याला नाव दिलं, 'काळं पाणी'.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंच्या बायकोचा मला फोन. नवऱ्याच्या मोबाइलवर त्यांनी ते नाव वाचलेलं. आवाज रडवेला. "भाऊजी, खरं सांगा, ह्यांनी काय केलंय? वकील बघायचा का?"

मी म्हटलं, "वहिनी, काही नाही हो, होडी चालवायचीय."

"ह्यांना? आंगुळीची बादली न्हाणीत न्हिऊन द्यावी लागती ह्यांना!"

*

सराव तर पाहिजे! लॉकर रूममधल्या बाकड्यावर दत्ताभाऊ पुढं बसले, हातात फरशी पुसायचा वायपर. मागं सिद्धार्थ, हातात झाडू. मी "डावं! उजवं!" ओरडत होतो. तेवढ्यात दारात प्लांट हेड.

"काय चाललंय?"

दत्ताभाऊंची बोबडीच वळली. "कायाक, साहेब."

कामात रोज थोडी सुधारणा करायची जपानी पद्धत आहे ना, कायझेन, तिनं साहेबांना झपाटलंय. त्यांना दुसरं काही ऐकूच येत नाही.

"कायझेन? व्हेरी गुड! टीमवर्क दिसतंय. बोर्डावर फोटो लावा!"

फोटो अजून बोर्डावर आहे. सुधारणा कसली झाली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही!

*

आता गुरुवारचं सांगतो. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बाकी जगाचा रविवार. बायको होती तोवर ते कधी जाणवलं नाही. ती गेल्यापासून गुरुवारी घर खायला उठतं. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत त्या दिवशी सगळे कामावर, पोरं शाळेत. मुलगी बंगळुरूला, ती फोन करते रविवारी. तेव्हा मी पाळीवर आणि मोबाइल लॉकरमध्ये!

एका गुरुवारी तर मी बाहेर जाऊन स्वतःच्याच दाराची बेल वाजवून बघितली. म्हटलं बिघडली की काय. चालू होती.

खरं सांगू? मला नदीशी काही देणंघेणं नव्हतं. मला दोन माणसांबरोबर एक गुरुवार पाहिजे होता, बास.

*

पण गुरुवार आला की ओव्हरटाइम यायचा. ओव्हरटाइम नसला की दत्ताभाऊंच्या भावकीत साखरपुडा! तशात सिद्धार्थची बदली झाली, दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लांटला. मी त्याला म्हटलं, "जायच्या आधी एक गुरुवार दे."

"दिला अण्णा! बुक करून टाका!"

बुक केलं. बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन. "अण्णा, नव्या प्लांटची मशिनं उद्याच निघतायत. बरोबर मलाही पाठवतायत." मग म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी," मीही म्हटलं.

दत्ताभाऊंना ओव्हरटाइम लागलेलाच होता. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "अण्णा, आमच्या वाटचं पन वल्हवा!"

असा संताप आला! म्हटलं, गेलात खड्ड्यात, मी एकटा जातो.

*

गेलो. फुगवट्याला चिटपाखरू नव्हतं. काठावरच्या झाडाखाली होडीवाले मामा बसलेले, तिथल्याच गावचे. कायाक तिघांची.

"मानसं किती?"

"तीन होतो. आता मी एकटाच."

"एकट्याला न्हाई सोडत. पुडं कुनीतरी पायजे."

"मग तुम्हीच बसा की!"

मामा दचकले. "मी? मी ह्यात कदीच बसलो न्हाई. मला पवता येत न्हाई!"

"मलाही नाही!"

मामांनी माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. मग दोन जाकिटं उचलली, एक मला दिलं, एक स्वतः चढवलं.

निघालो. आधी आमची वल्ही एकमेकांवरच आपटत होती. मग जरा जमलं. बरंच आत गेल्यावर मामांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"सायेब, एक इचारू? ही लोकं एवढ्या लांबनं येत्यात, ह्यात बसून नेमकं करत्यात काय?"

"काही नाही मामा. बसतात. बोलतात."

मामा मागं न वळताच म्हणाले, "मग बोला की!"