सांडलेलं पाणी

मोताळ्यातल्या आमच्या मॉन्टेसरीत मुलं छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओतायला शिकायची. सांडलं तर मी रागवायची नाही, नुसता स्पंज दाखवायची. चार वर्षांची एक मुलगी तर मुद्दाम सांडायची आणि जीभ बाहेर काढून मन लावून पुसायची.

पालकसभेत तिचे वडील उठून म्हणाले, "मॅडम, पोरीले फरशी पुसाले पाठवलं का आम्ही इथं? एबीसीडी काऊन नाही शिकवत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी समजवायला गेले, पण कोणी ऐकेल तर शपथ. महिन्याभरात संस्थेने बाक आणले, आणि जग, स्पंज, ठोकळे कपाटात गेले. प्रवेशाच्या दिवसांत फोटोपुरतं ते कपाट उघडतं. बाहेरच्या पाटीवर मॉन्टेसरी आहेच. आत मी एबीसीडी गिरवून घेते.

काल त्याच मुलीच्या बाटलीतलं पाणी बाकावर सांडलं. ती उठेल म्हणून मी मुद्दाम थांबले. पाणी वहीखाली शिरलं, तिच्या फ्रॉकवर ओघळलं. ती हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसून राहिली. मग बोट जरासं बाजूला करून म्हणाली, "मॅडम, पुसाले मावशीले बोलवा ना."