हिमगव्हराच्या तोंडाशी

ओल्या लोकरीचा वास, कुणाच्या तरी थर्मासमधून दरवळणारी चहाची वाफ, आणि बसच्या रुंद काचेवर दाटलेलं आपल्याच श्वासांचं धुकं! शनिवारी सकाळी आमची बस वॉटरफोर्ड सोडून कोमेरा डोंगरांकडे निघाली, तेव्हा शेजारी बसलेली आई शालीच्या टोकाने ते धुकं पुसत होती. काच पुसावी, दोन हिरवी शेतं दिसावीत, पाठीवर निळ्या रंगाचा शिक्का मारलेल्या चार मेंढ्या दिसाव्यात, आणि क्षणात काच पुन्हा आंधळी व्हावी. पण तिचा उत्साह मावळत नव्हता. मी मात्र फोनमध्ये डोकं घालून बसले होते. डोंगर काय, कुठे पळून जाणार होते?

तुम्हाला आधी आईबद्दल सांगायला हवं. अंबाजोगाईच्या एका मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मीही त्याच शाळेत, तिच्याच वर्गात शिकले, आणि भूगोल सोडून बाकी सगळ्या विषयांत रमले. आता इथे आयर्लंडमध्ये एका औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते. हे डोंगर सहा वर्षं रोज माझ्या गाडीच्या आरशात दिसतात. ते कसे झाले असतील, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आई तीन महिन्यांसाठी आली होती आणि पुढच्या आठवड्यात परतणार होती. वाचनालयाच्या दारावर लावलेली सहलीची सूचना तिनेच शोधून काढली. हिमयुगाच्या खुणा दाखवणारी बससहल, सोबत माहीतगार वाटाड्या! ती सूचना वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं, ते गेल्या तीन महिन्यांत माझ्या कुठल्याही स्वयंपाकाने, कुठल्याही मॉलने उजळलं नव्हतं.

आमचा वाटाड्या ब्रेंडन. सत्तरीचा, लालबुंद गालांचा, निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर त्याने याच डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवर पत्रं पोचवली, आणि उतारवयात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन भूशास्त्र शिकला. ज्या उतारांवर सायकल ढकलताना दम लागायचा ते उतार कुणी केले, एवढंच म्हणे त्याला जाणून घ्यायचं होतं.

किती विलक्षण सहल होती ती! हिमनद्यांची, आणि हिमनदी मात्र एकही नाही. हजारो वर्षांपूर्वी बर्फ वितळून गेलं. मागे उरल्या त्या त्याने कोरलेल्या दऱ्या, घासलेले खडक, वाटेत टाकून दिलेले धोंडे. जाणाऱ्याचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही, आणि तरी त्याच्या हाताची खूण शिळाशिळांवर उमटलेली! नाहीशा झालेल्या गोष्टीचं असं दर्शन घ्यायला माणसं तिकीट काढून का येतात? आपल्याआधी इथे काय होतं, हे कुतूहल पोटातल्या भुकेइतकंच जुनं असेल का?

मॅहन धबधब्याच्या दरीत आम्ही पहिल्यांदा उतरलो. हेदरची जांभळी झुडपं सुकू लागली होती, नेचे तांबूस पडले होते. ब्रेंडनने दोन्ही तळवे जोडून ओंजळ उघडावी तसे उघडले आणि दरीचा आकार दाखवला. माझ्या शेजारी आई पुटपुटत होती, "यू आकाराची दरी. ती वर लोंबती दरी. ही बघ, बसलेल्या मेंढीसारखी, ही मेषशिला." वर्गाची हजेरी घ्यावी तशी एकेकीचं नाव घेऊन ती समोर पाहत होती, आणि एकेक जण जणू उठून 'हजर' म्हणत होती. मग तिने सरळ हात वर केला आणि आपल्या घोटीव, पुस्तकी इंग्रजीत विचारलं, "महाशय, बर्फ नेमकं कोणत्या बाजूने आलं, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

सगळी बस वळून तिच्याकडे पाहू लागली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी सुटलेली नव्हती.

आपल्या आईवडिलांच्या कुतूहलाची आपल्याला लाज का वाटते? लहानपणी आपण त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडतो, ते कधी चारचौघांत मान खाली घालत नाहीत. आणि ते विचारू लागले की आपल्याला नाड्या आठवतात! ब्रेंडन मात्र खूष झाला. आईला त्याने एका खडकापाशी नेलं आणि त्यावरचे समांतर ओरखडे दाखवले. आईने त्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग बराच वेळ हात तिथेच ठेवला.

दुसरा थांबा कूमशिंगॉनचा. डोंगराच्या कुशीत उंचावर लपलेलं तळं. आयरिश भाषेत 'कूम' म्हणजे डोंगरातला खळगा, असं ब्रेंडनने सांगताच आई माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे हिमगव्हर! हिमनदीचं जन्मस्थान गं." बस खाली रस्त्याकडेला थांबणार होती. वर जाणारी वाट आधी सूचिपर्णी झाडांतून, मग उघड्या, धोंड्यांनी भरलेल्या उतारावरून. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसमध्येच थांबावं, असं ब्रेंडन म्हणाला. मी आईकडे पाहिलं. आई बसमधून केव्हाच उतरली होती.

झाडीतला चढ ती चढली. उघड्या माळावर आलो, आणि वाऱ्याचा पहिला झोत अंगावर आला तेव्हा तिचा उजवा गुडघा धरला. एका प्रचंड धोंड्याच्या आडोशाला मी तिला बसवलं. लालसर वालुकाश्माचा तो धोंडा, आत पांढऱ्या गारगोट्या, चिक्कीत शेंगदाणे असावेत तशा. बाकीची मंडळी पुढे निघून गेली. तळं वरच्या कडेपलीकडे, वीस मिनिटांवर होतं.

"आपण उतरू या खाली," मी म्हणाले.

"मी बसते इथे. तू जा, आणि बघून ये," आई म्हणाली. "मला येऊन सांग."

मी गेले. भराभर गेले, भराभर फोटो काढले, आणि धापा टाकत परत आले. फोन तिच्या हातात दिला. ढगांतून निसटलेल्या उन्हात पडद्यावर तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. तिने फोन मांडीवर उपडा ठेवला.

"तू सांग ना. कसं आहे?"

"खूप सुंदर आहे, आई."

"ते आहेच गं. मागची भिंत किती खडी? वरपासून सरळ तुटलेली, की पायथ्याशी उतरती? तळ्याच्या तोंडाशी उंचवटा आहे? असला तर अखंड खडकाचा, की सुट्या दगडमातीचा? तोंड कोणत्या दिशेला?"

मला एकही उत्तर आलं नाही. आत्ताच पाहून आले होते! ओशाळले की चिडते, तशी मी चिडले. "मी काय परीक्षेला बसलेय का?"

आई शालीवर अडकलेलं एक काटेरी फूल काढत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या आठवीच्या वर्गात मी हाच धडा घेत होते. फळ्यावर हिमगव्हर काढलं होतं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, बाई, तुम्ही पाहिलीय का हिमनदी? मी नाही म्हणाले. सगळा वर्ग हसला."

वारा धोंड्याच्या दोन्ही अंगांनी वाहत होता, आणि मधल्या निवाऱ्यात आम्ही दोघी. हे कधीतरी बोलायला हवं हे मला ठाऊक होतं; पण ते असं, घरापासून इतक्या दूर, चिखलाच्या बुटांनी बोलायला लागेल असं वाटलं नव्हतं.

"आई, मीही हसले होते."

"माहीत आहे. मी फळ्याकडे वळायच्या आधी तुझ्याकडेच पाहिलं होतं."

"सॉरी, आई."

"अगं, राग नाही आला मला. त्या मुलीचा तर नाहीच. तिचं बरोबर होतं. एकतीस वर्षं मी न पाहिलेलं शिकवलं. हजार-दोन हजार मुलींच्या वह्यांत ती आकृती गेली असेल. ती खरी होती की नाही, एवढंच मला बघायचंय." मग स्वतःच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारून ती हसली. "हा नाही म्हणतोय. म्हणून तुला विचारतेय."

मी उठले. पुन्हा चढ चढू लागले. अर्ध्या वाटेवर आमची मंडळी उतरताना भेटली. ब्रेंडनने थांबवलं. "काही विसरलात का वर?"

"हो," मी म्हणाले, "बघायचं विसरले."

तो क्षणभर गोंधळला. मी खाली, धोंड्यापाशी बसलेल्या निळ्या शालीकडे बोट दाखवलं. त्याला किती कळलं कोण जाणे, पण इतरांना बसकडे पाठवून तो म्हणाला, "ग्रँड, काही हरकत नाही. मी तुमच्या आईजवळ बसतो. सावकाश या."

आणि मग मी पाहिलं. काय सांगू तुम्हाला! मघाशी जे एक चित्र होतं, ते आता एक घडलेली गोष्ट झालं. मागची भिंत कुणी प्रचंड चमच्याने डोंगराचा गर काढून घ्यावा तशी खोल, काळपट, वरच्या टोकाला सरळ तुटलेली आणि पायथ्याशी ढासळलेल्या दगडांच्या पंख्यावर टेकलेली. दोन्ही अंगांनी अरुंद, दातेरी धारा पुढे आलेल्या. मधे काळंशार, निश्चल पाणी. त्या पाण्यावर ढगाची सावली एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत चालत गेली, तेवढा वेळ मी उभी राहिले. किती शतकांचं बर्फ इथे साठलं असेल? त्याने कधी हलायचं ठरवलं असेल? आणि एवढं ओझं सरकताना आवाज झाला असेल का, की ऐकायलाच कुणी नसेल? मी तळ्याच्या तोंडाशी गेले, गुडघे टेकले, गवत बाजूला केलं आणि बोटांनी उकरून पाहिलं. सुटी माती. तीत लहानमोठे, गोल, अणकुचीदार, कसेही मिसळलेले दगड. सूर्य पाहिला, घड्याळ पाहिलं, दिशा ठरवली. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या जागेला प्रश्न विचारत होते, आणि ती जागा उत्तरं देत होती!

परत आले तेव्हा आई आणि ब्रेंडन धोंड्याला टेकून त्याच्या थर्मासचा चहा पीत होते. मी आईसमोर उभी राहून सगळं सांगितलं: भिंत, दगडांचा पंखा, धारा, पूर्वेकडे उघडलेलं तोंड. तिने डोळे मिटून घेतले होते. मधूनच तिचं बोट हवेत हलायचं. फळ्यावरची ती जुनी आकृती पुसत होती की नवी रेखत होती, कळत नव्हतं.

"आणि तोंडाशी उंचवटा?"

"आहे. पण अखंड खडक मला नाही दिसला. उकरून पाहिलं तिथे सगळी दगडमाती होती."

तिने डोळे उघडले. "मी नेहमी खडकाचा काढायचे. सलग रेघेने." मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. आणि आई हसली, अशी मोकळी की ब्रेंडनही कारण न कळता हसला. "हिमोढ गं! बर्फाने स्वतःच आणून टाकलेला बांध. म्हणजे मी अर्धंच सांगत होते. बघ की, केवढी गंमत राहून गेली होती त्या धड्यात!"

आपलं चुकलेलं सापडल्यावर इतका आनंद होऊ शकतो? मला आजवर चूक सापडली की फक्त घाम फुटला आहे.

उतरताना आईचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा ब्रेंडनच्या. आता प्रश्न तो विचारत होता. दख्खनच्या लाव्हारसाबद्दल तो अनेक वर्षं वाचत आला होता. तिथे राहणारं माणूस मात्र त्याला आजच भेटलं होतं. तुमचे डोंगर खरंच पायऱ्यांसारखे असतात का? माथे सपाट असतात का? काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा असतो, असं वाचलंय, ते खरं का? आई एकेका पावलाला एकेक उत्तर देत होती. बालाघाटच्या त्या रांगा, आमच्या गावामागची खोल दरी, कड्यातून आडवी गेलेली लाल मातीची रेघ. तो वाट सोडून तिच्या तोंडाकडे पाहत चालला होता आणि दोनदा ठेचकाळला. बसमधल्या मंडळींनी आम्हाला उशीर झाला म्हणून खोट्याखोट्या टाळ्या वाजवल्या, चालकाने घड्याळावर बोट आपटलं. या दोघांना पत्ताच नव्हता. ब्रेंडन पुढची आपली जागा सोडून आमच्या पलीकडच्या सीटवर येऊन बसला.

मी खिडकीशी बसून ऐकत होते. ती लाल माती मला ठाऊक होती! भातुकलीतल्या चुलीला लिंपायला आम्ही ती फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो. बालपणाची सगळी वर्षं मी त्या कड्यासमोर काढली होती, आणि आता आयर्लंडमधल्या एका बसमध्ये, एका परक्या पोस्टमनइतक्याच नवलाने, त्याच्याबद्दल पहिल्यांदा ऐकत होते.

"आई," मी मधेच बोलले, "लाव्हाच्या दोन थरांमध्ये माती तयार झाली, म्हणजे मधे किती काळ गेला असेल?"

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिचं मन राखायला विचारतेय का, हे ती क्षणभर निरखत राहिली. मग शाल सावरून माझ्या बाजूला नीट वळून बसली.

"गवत उगवून, वाळून, पुन्हा उगवेल," ती म्हणाली, "पुष्कळदा, इतका."