मागच्या खोलीतला हात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थाला त्याचं सगळं ऑफिस कासवराव म्हणायचं. पाठीवर कायम सॅक, आणि बघावं तेव्हा कुणाच्या तरी टेबलाखाली शिरलेला. संगणकांची देखभाल करायचा. अकरा वर्षं कंत्राटावर. "यंदा कायम होणार, काका," असं तो मला दर वर्षी जिन्यात सांगायचा आणि मी दर वर्षी त्याची पाठ थोपटायचो. पाठ कसली, सॅकच.

त्या वर्षी मात्र लक्षणं खरी दिसत होती. जुन्या नोंदी सांभाळणारं त्यांचं कार्यालय. बारा विभाग, बारा म्हातारे संगणक. कासवरावाने अडगळीच्या खोलीत एकच दणकट मशीन बसवलं आणि त्याच्या पोटात बारा संगणक तयार केले.

मला काही उमजेना. "अहो, घर एकच, पण आत बारा बिऱ्हाडं," तो म्हणाला. "प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं. खरी नाहीत, पण काम खऱ्यासारखं करतात."

"म्हणजे आम्हा नाटकवाल्यांसारखंच की! नट एक, भूमिका बारा."

आता ही बिऱ्हाडं साहेबांच्या टेबलावरच्या संगणकावर बारा खिडक्यांत दिसायला हवी होती. कासवरावाने एकेकाला पत्ता दिला, पासवर्ड दिला. तीन दिवस सगळ्या खिडक्या काळ्या ठिक्कर. मधल्या सुरक्षेच्या आडकाठ्या त्याने एकेक करून काढल्या आणि चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पहिली खिडकी उजळली. घरी येऊन त्याने ते असं सांगितलं, जणू मुलाने पहिलं पाऊल टाकलं.

साहेब म्हणाले, "वरची मंडळी बघायला येणार आहेत. मी स्वतः दाखवीन. नीट पार पडलं तर तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

पण तालमीत साहेबांच्या नाकी नऊ आले. खिडकी मिटायच्या ऐवजी त्यांनी आतलं मशीनच बंद केलं. जन्मनोंदीच्या बाईंचं सकाळपासूनचं काम पाण्यात गेलं. शेवटी तोडगा निघाला. साहेबांनी माऊसवर हात ठेवून नुसतं बोलायचं; माऊसची वायर टेबलामागे सुटलेली. कासवराव अडगळीच्या खोलीत बसून, तिथल्या संगणकावरून साहेबांच्या पडद्यावरचा बाण हलवणार. पण तिथे चित्र दिसायचं, आवाज येत नव्हता. साहेबांचं बोलणं कळणार कसं?

सूत्रसंचालनाला त्याने माझंच नाव सुचवलं होतं. "काका, तुमचा फोन खिशात चालू ठेवा. मी ऐकत राहीन."

चाळीस वर्षं मी रंगमंचावर उभा राहिलो तो विंगेतल्या कुजबुजीच्या जिवावर. त्या कुजबुजणाऱ्याला कधी टाळी पडलेली पाहिली नाही. मला तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं. पण माईक दिसला की माझी अक्कल गहाण पडते. उलट मीच त्याला ऐटीत बजावलं, "एक लक्षात ठेव. काहीही होवो, पडदा पडेपर्यंत प्रवेश सोडायचा नाही."

प्रयोग झकास रंगला. साहेब म्हणत, "आता विवाहनोंदी बघू," आणि बाण अलगद जाऊन ती खिडकी उघडे. काय लय होती! मंडळींतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "हे सांभाळायला किती माणसं लागतील?"

"माणसं?" साहेब हसले. "बघताय ना, मी एकटाच करतोय. वायरी जोडायला एक कंत्राटी मुलगा होता. त्याचीही आता गरज नाही."

मुलगा बेचाळीस वर्षांचा होता.

बाण थांबला. सातव्या खिडकीच्या कडेशी. साहेबांचा हात गोल गोल फिरतोय आणि बाण जागचा हलत नाही. माझ्या छातीवर फोन चालू. मी मनात म्हटलं, सोड! ये बाहेर, ती सुटलेली वायर उचलून दाखव सगळ्यांना. एका वाक्यात मीही ते सांगू शकलो असतो, माईक माझ्याच हातात होता. त्या माईकवर मी काय बोललो? "मंडळी, यंत्र झालं तरी क्षणभर श्वास घेणारच!"

लोक हसले. बाण हलला. उरलेल्या सगळ्या खिडक्या त्याने शेवटपर्यंत नीट उघडल्या, नीट मिटल्या. टाळ्या पडल्या. साहेबांनी वाकून घेतल्या.

मी अडगळीच्या खोलीत गेलो. तो सॅक भरत होता.

"का नाही सोडलंस रे?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, काका."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता.

महिनाअखेर त्याने बारा पत्ते आणि बारा पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहून साहेबांच्या हाती दिले. आता मिळेल तिथे दुरुस्तीची कामं करतो. जिन्यात भेटला तरी कायम होण्याचा विषय काढत नाही.

साहेबांचा फोन मात्र अजून येतो. "अरे, ही खिडकी मिटू की मशीन बंद होईल?" आणि हा पायरीवर थांबून, हलक्या आवाजात, एकेक करून सांगतो. विंगेतली ती कुजबुज मला आता ऐकवत नाही. मी दार लावून घेतो.