पेनाचा खिसा

पांढुर्ण्याला जिनिंगच्या ऑफिसात मी अकरा वर्षं कापसाच्या गाड्यांचे गेटपास लिहिले. खिडकीतून कापूस रोज दिसायचा, पण लहानपणानंतर मी स्वतः एक बोंडही वेचलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्याच त्या रकान्यांकडे बघून डोकं असं फिरलं की जेवणाच्या सुट्टीतच राजीनामा लिहून दिला. मॅनेजर साहेब भला माणूस. म्हणाले, "पंधरा दिवस खुर्ची रिकामी ठेवतो. मग मात्र दुसरी बाई बघावी लागेल."

मला शिलाई येत होती. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी कमरेला बांधायच्या झोळ्या शिवून विकायच्या, असं मी ठरवलं होतं. आमच्या तिगावात बाया जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून वेचायला जातात. बिचाऱ्यांना कोणी चांगली वस्तू करूनच दिली नाही, असं मला वाटायचं. जाड कापड आणलं. मागे पट्टा, पट्ट्याला बक्कल, पुढे मोबाईलचा खिसा आणि त्याच्या शेजारी, सवयीनं, पेनाचा खिसा. सहा झोळ्या झाल्या तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

शेजारच्या काकू वेचणाऱ्या बायांची टोळी घेऊन जातात. त्यांनी सहाही नेल्या आणि संध्याकाळी घडी करून परत आणल्या.

"हे कायले वं?" पेनाच्या खिशात बोट घालून त्यांनी विचारलं. "कापसाची सही घ्याले?"

ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. वापरता येत नसेल तर झोळीचा काय दोष, असं घरात बडबडत राहिले. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि हळूच म्हटलं, "सोमवारी जाऊन बस बाप्पा खुर्चीवर. दिवस अजून गेले नाईत." त्याचं बरोबर होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या खुर्चीची मला भीती वाटायला लागली होती. पुन्हा बसले तर या जन्मी उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मी काकूंच्या टोळीसोबत शेतात गेले. माझीच झोळी बांधून.

तासाभरात सगळं कळलं. बोंडाची वाळलेली टोकं माझ्या मोबाईलच्या खिशात अडकत होती. झोळी भरली की दोन्ही हात मागे नेऊन बक्कल काढा, झोळी उलटी करा, झटका, पुन्हा बांधा. तोवर बाकीच्या अर्धी ओळ पुढे. काकू ढिगाजवळ येत, लुगड्याचं एक टोक सोडत आणि सगळा कापूस खाली. मी उभी राहून बघतच राहिले.

"पाह्यत काय राहिली? कापूस येच," काकू म्हणाल्या.

मी संध्याकाळपर्यंत वेचलं. बोटं ओरखडली, कंबर धरली. पण मन हलकं होतं, कारण काय शिवायचं ते आता मला ठाऊक होतं.

नवीन झोळी पातळ, मऊ कापडाची केली. बक्कल गेलं, बांधायला नाड्या आल्या. तळ उघडा ठेवून तो सरगाठीच्या दोरीनं बांधला, ओढली की सुटेल अशी. मोबाईलचा खिसा लावलाच नाही. पेनाचा मात्र हाताच्या सवयीनं पुन्हा शिवला गेला, आणि तो उसवायला वेळच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंधरा दिवस भरत होते.

सकाळी शेतात काकूंनी ती नवी झोळी बांधून भरली, ढिगाजवळ आल्या आणि दोरी ओढली. कापूस एका दमात खाली आला. त्यांनी कमरेची चुन्याची लांबट डबी काढली, पेनाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. बरोबर बसली.

"आमी चौदा जनी हावो," त्या म्हणाल्या. "सगळ्यायले शिव. अन् हा खिसा काढू नोको."

माझे डोळे भरून आले. बांधावर जाऊन मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, खुर्चीवर दुसरी बाई बसवा."

"नीट विचार केला ना?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "कापूस वेचला."