डाव्या पायाचा प्रश्न

समुद्रकाठच्या झर्झीस गावातल्या आमच्या गल्लीत एक कुजबुज होती, की मबरूकाखालाला, गल्लीभराच्या या मावशीला, आपला वजदी परत यायलाच नकोय. इटलीला निघालेल्या बोटीतून पोरगा गेला, आणि त्याची खुशाली सांगायला आलेल्यांना ही बाई नुसतं पाणी पाजून वाटेला लावते!

कुजबुज खोटी. ती पसरवण्यात शेजारच्या मनूबियाची जीभ सगळ्यात पुढे होती, म्हणजे खोटी असणारच. आनंदाची बातमी आणणाऱ्याचं तोंड गोड करायची आमच्याकडे रीत आहे. पहिला माणूस आला तेव्हा खालानं खजूर भरून मकरूद तळले, गल्लीभर वाटले. महिनाभरानं कळलं, त्यानं वजदीला पाहिलं नव्हतं. पाहिलेल्या कुणाला तरी तो भेटला होता म्हणे. त्या दिवशी खाला जेवली नाही.

त्यानंतर येईल त्याला ती एकच विचारायची, "त्याचा डावा पाय अजून लंगडतो का?"

वजदी जन्मात कधी लंगडला नव्हता. गच्च्यांवरून पळायचा कार्टा. पण परगावचे ते भले लोक हळहळून सांगायचे, लंगडतो थोडा, पण आता बराय. की आलंच पुढ्यात नुसतं पाणी. मनूबियानं कीव येऊन एकाला डोळा मारून पाहिला, तर तो बावचळून म्हणाला, दोन्ही पाय लंगडतात.

मग शुक्री आला. त्याच बोटीतला, इटलीनं परत धाडलेला. खुर्ची दिली तरी उभाच राहिला. खालानं पायाचं विचारलं.

"लंगडत कुठं होता, खाला?" तो म्हणाला. "बोट कलली तेव्हा कुणाचं तरी लेकरू उचलून उड्या मारत पुढं गेला. लेकरू माझ्याकडं दिलं. मग लाट आली. मी हात धरला होता त्याचा. सुटला."

खाला आत गेली. डब्यात मकरूद असायचेच, दर आठवड्याला ताजे. कुणासाठी ते गल्लीला ठाऊक होतं. ताटली भरून तिनं शुक्रीपुढे ठेवली. त्याला एकही उचलवेना.

तो गेल्यावर आम्ही सगळे अचानक फार चिकित्सक झालो. अंधार होता, त्याला काय दिसलं असणार? हात दुसऱ्याच कुणाचा असेल. मनूबिया तर, जिनं आजवर एका बातमीलाही कुठून आलीस म्हणून विचारलं नव्हतं, खालाचे गुडघे धरून बसली. त्याला परत बोलाव म्हणाली, दुसरं काहीतरी विचार, चुकेल तो.

खालानं तिचे हात हळूच सोडवले.

"सगळ्यांना मी तेच विचारलं, मनूबिया. उत्तर बरोबर आलंय. आता प्रश्न नाही बदलायची मी."