रोहित बघायला निघालेली कचेरी

एका कचेरीत दहा-दहा वर्षं शेजारी बसलं, की दप्तरात कागदांचे जेवढे रुमाल बांधलेले असतात त्याहून जास्त किस्से साठतात. सरकारी कागद वाळवी तरी खाते, किस्से तिलाही पचत नाहीत! आमच्या ठाण्याच्या कचेरीतले बाकीचे राहू देत, पण खाडीच्या सहलीचे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सहल काढली वामनरावांनी. ते माझ्यासारखेच कारकून, कल्याणहून आगगाडीने येत. एका सकाळी आले ते पगडीही न उतरवता ओरडले, "अहो, खाडीत रोहित पक्षी उतरलेत! गुलाबी! आपण बघायला जायचं!"

आमचे शिरस्तेदार नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय करतात ते?"

"चिखलात तासन् तास एका पायावर उभे राहतात."

"मग त्यासाठी खाडीत कशाला जायचं? नोकरी मागणारे चार उमेदवार रोज आपल्या दारात तसेच उभे असतात!"

*

वामनराव आणि मी, दोघांनी एकदम रजा घ्यायची म्हणजे गोऱ्या साहेबाची परवानगी हवी. वामनरावांनी झकास इंग्रजीत अर्ज लिहिला. कारण: पक्षी.

साहेबाने वामनरावांना आत बोलावलं. "बंदुका किती नेणार?"

"एकही नाही, सर."

"जाळी?"

"नाही, सर."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "मग पक्ष्यांचं करणार काय?"

"बघणार, सर."

साहेब बराच वेळ वामनरावांकडेच बघत राहिला. मग त्याने रजा मंजूर केली आणि खाली शेरा मारला, "प्रकृतीच्या कारणास्तव"!

*

तोवर नाना नाही-नाहीच म्हणत होते. निघायच्या आदल्या दिवशी एकदम म्हणाले, "मीही येतो. तुम्ही दोघं बुडालात तर वर रिपोर्ट मलाच लिहावा लागेल."

होडी ठरवली गणू पाटलाची. उन्हाळ्यात तो मिठागरात राबायचा, एरवी होडी वल्हवायचा. नानांनी त्याला हुकूम सोडला, "स्नान, पूजा, जेवण. साडेदहाला निघू."

गणू म्हणाला, "सायेब, पानी उतरलं का होरी चिखलान बसंल. तुमची पूजा व्हईपरत खारी थांबाची नाय."

"तिला सांग, शिरस्तेदार येताहेत म्हणावं!"

"लेखी द्या सायेब," गणू हात जोडून म्हणाला, "तोंडी आयकत नाय ती."

नाना उजाडताच धक्क्यावर हजर!

*

होडी तिवरांच्या झाडीत शिरली. दोन्ही बाजूंनी चिखलातून वर आलेली मुळं. तेवढ्यात वामनराव किंचाळले, "मासा! मासा झाडावर चढतोय!"

"वामनराव, पगडी घाला. ऊन लागलंय तुम्हाला," नाना म्हणाले.

"निवटा हाय तो, सायेब," गणू म्हणाला. "चढतो."

नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मासा खरंच मुळावर बसून त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. नाना हळूच म्हणाले, "हे कचेरीत बोलू नका. तिघांनाही कायमचं घरी बसवतील."

*

आता शेवटचा किस्सा. नाना आज नाहीत, त्यांच्या मुलीला नातवंडं झाली, म्हणून सांगतो.

रोहित दिसले. उथळ पाण्यात गुलाबी रांगच्या रांग. वामनराव काही हलू देईनात. गणू दोनदा म्हणाला, "पानी चाललं." तिसऱ्यांदा म्हणायच्या आत होडी चिखलात रुतून कलली आणि नानांनी घरून आणलेला पाण्याचा तांब्या लवंडला. भरती यायला दुपार उलटायची होती.

ऊन चढलं. होडीत पाणी होतं ते एकट्या गणूच्या मडक्यात. पण तो काळ असा, की दुसऱ्या जातीच्या मडक्यातल्या एका घोटासाठी घरच्या घर वाळीत पडायचं. आणि नानांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. घसा तर आमचाही सुकला होता, पण नानांसमोर मागायचं कुणी?

साठीचे नाना. आधी गप्प झाले, मग त्यांची मान डुलायला लागली. "डोळ्यांपुढे अंधार येतोय रे," म्हणाले. मी पुरता घाबरलो.

गणूने मडक्यावरचं फडकं काढलं, शेजारी करवंटी ठेवली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

वामनरावांनी माझं कोपर दाबलं. "ते बघा, रोहित उडाले!"

एकही पक्षी जागचा हलला नव्हता. पण आम्ही दोघं माना वर करून आभाळाकडे बघत राहिलो. बराच वेळ.

वळलो तेव्हा नाना ताठ बसलेले होते. मिशा ओल्या. उपरण्याने त्या टिपत म्हणाले, "खाडीत दव फार पडतं, नाही?"

भर दुपारी!

गणूने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "व्हय सायेब. आज लय परलंय."