आम्ही तुमास चुकलो

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी मराठी बोलणं सोडलं, ते माझ्यामुळे. आमचं भांडण झालं नव्हतं, आवाजही कधी चढला नव्हता. मी त्यांच्या एका वाक्याला हसलो आणि मग ते वाक्य ऑफिसात नेऊन चारचौघांत वाटलं. लिहायला बसलो तर इतकंच आहे. पण त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ ते माझ्याशी इंग्रजीत बोलत राहिले, आणि ते ऐकताना दर वेळी मला कळत होतं की हे आपण केलेलं आहे.

माझ्या बायकोचं माहेर बेंगळुरूतलंच. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी एक. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की कन्नड, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यांच्या मराठीत 'ठीक'ला 'सरी' आहे, 'थोडं'ला 'स्वल्प' आहे, थोरली बहीण ही अक्का आणि वडील हे अण्णा. मीही सासऱ्यांना अण्णाच म्हणतो. ते एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. मी सांगलीचा, शिकायला पुण्यात आणि नोकरीसाठी इथे आलेला.

लग्न झालं तेव्हा अण्णांना माझं फार कौतुक होतं. गल्लीत कुणी भेटलं की मला पुढे करून सांगायचे, "आमचे जावई. तिकडचे. खास मराठी." एखाद्या भाजीचं, एखाद्या नात्याचं नाव निघालं की मला विचारायचे, "याला तुमच्यात काय म्हणतात?" मी सांगायचो. त्यांना ते आवडायचं, मलाही आवडायचं. चुका काढायची सवय मला त्यांनीच लावली असं म्हणून सुटता येईल, पण ते खरं नाही. ते विचारत होते तेव्हा सांगणं वेगळं, आणि पुढे पुढे मी न विचारता सांगू लागलो ते वेगळं.

माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन महिने सांगलीला होतो. त्यात गणपती येऊन गेले. अण्णांकडे गणपती बसतो आणि आरतीला मी असतोच. त्या वर्षी नव्हतो. परत आल्यावर बायकोबरोबर त्यांना भेटायला गेलो. मी चप्पल काढत होतो तेवढ्यात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सणाला तुम्ही नव्हता. आम्ही तुमास फार चुकलो, बघा."

मी हसलो. "चुकलो म्हणजे काय, अण्णा? रस्ता चुकलात की हिशेब?"

"मग तुमच्यात काय म्हणतात?"

"आठवण आली म्हणायचं."

"सरी. आठवण आली," ते म्हणाले. माझा हात सोडून ते कॉफी ठेवायला आत गेले.

बायको म्हणाली, "आल्या आल्या शाळा भरवलीस?"

मला ते तेव्हा फारसं लागलं नाही.

माझं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये आहे. आमचं एक ॲप आहे, ते लोकांना अनेक भाषांतून निरोप पाठवतं. त्यातले मराठी निरोप तपासणं हा माझ्या कामाचा एक भाग. एका दुपारी आमच्यासमोर इंग्रजीतलं एक क्रियापद होतं, 'मिस'. ज्यांनी बरेच दिवस ॲप उघडलेलं नाही त्यांना 'वी मिस यू' असा निरोप जाणार होता. दिसायला सोपं. पण इंग्रजीत बस मिस होते, नेम मिस होतो, फोन मिस होतो आणि माणूसही मिस होतो. आमच्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो.

हिंदी बघणारा म्हणाला, "हमारे यहाँ तो गाड़ी छूटती है. गलती किसी की नहीं."

कन्नड बघणारी म्हणाली की त्यांच्यात 'बस तप्पितु' म्हणतात, आणि चूक कबूल करतानाही तोच शब्द, 'तप्पायतु'. तमिळ बघणारा उडालाच. त्यांच्यातही चूक म्हणजे 'तवरु', आणि बस चुकली तर 'तवर विट्टेन'. मी म्हटलं, मराठीतही तसंच की. बस चुकली, माझं चुकलं. इंग्रजांना ज्याची हुरहुर लागते त्याची आम्हा तिघांकडे चूक होते, असं काहीतरी मी बोललो आणि सगळ्यांना मजा वाटली.

तिथे थांबायला हवं होतं. पण स्क्रीनवर मशीनने केलेलं मराठी भाषांतर होतं, 'आम्ही तुम्हाला चुकलो'. ते पाहून मी मोठ्याने म्हणालो, "इस मशीन ने मेरे ससुरजी से मराठी सीखी है." आणि सगळा प्रसंग करून दाखवला. दोन्ही हातांत हात धरणं, मान हलवणं, तो सूर, सगळं. सांगताना अण्णांचं 'तुमास' मी 'तुम्हाला' करून टाकलं. थट्टेतसुद्धा त्यांचं वाक्य मी दुरुस्त केलं होतं, हे फार नंतर माझ्या लक्षात आलं.

निरोपात मी 'तुमची आठवण येते' असं लिहिलं. ऑफिसात मात्र दुसरंच वाक्य राहिलं. जेवायला कुणी उशिरा आलं की बाकीचे ओरडायचे, "आम्ही तुम्हाला चुकलो!" मराठीचा गंध नसलेल्यांनाही ते पाठ झालं. मला त्यात थोडा अभिमानच वाटायचा.

मुलीच्या वाढदिवसाला आम्ही सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर ऑफिसच्या काही जणांना बोलावलं. अण्णा सोफ्यावर हातात केकची कागदी बशी घेऊन बसले होते. तमिळ सहकारी मनाने फार चांगला माणूस. तो आला, अण्णांच्या पाया पडला आणि एखादा नमस्कार करावा तसं म्हणाला, "अंकल, आम्ही तुम्हाला चुकलो!"

खोलीत हशा पिकला. अण्णाही आधी हसले. मग त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"सर ने सिखाया. आप का ही डायलॉग है ना, अंकल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्याने आपल्या घरातली वस्तू बाजारात मांडलेली दिसावी, तसं ते पाहणं होतं. मग ते त्या सहकाऱ्याला म्हणाले, "व्हेरी गुड प्रोनन्सिएशन." आणि उरलेला केक हळूहळू खात बसले.

त्यांना गाडीने घरी सोडताना मी म्हटलं, "सॉरी अण्णा, गंमत होती."

"नो, नो. इट इज ऑल राइट."

तेव्हापासून इंग्रजी. "हॅव यू टेकन युअर फूड?" "हाऊ इज युअर मदर्स हेल्थ?" ड्रॉइंग ऑफिसातलं नेमकं, इस्त्री केलेलं इंग्रजी. त्यात हसण्यासारखं काही सापडलं नसतं, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी ते निवडलं होतं. माझी चौकशी त्यांनी कधी कमी केली नाही. माझ्यापुढची कॉफीही कधी चुकली नाही. फक्त माझ्या मुलीशी मराठीत चाललेली त्यांची गोष्ट मी खोलीत शिरलो की वाक्याच्या मध्येच थांबायची.

बायकोने एकदाच विषय काढला. "कन्नड लोकांनी त्यांना जन्मभर मराठी म्हणून ओळखलं," ती म्हणाली. "महाराष्ट्रातला माणूस घरात आला तो पहिला तू. त्यांना वाटलं, आता आपलं कुणीतरी ऐकायला आलं."

"मी सॉरी म्हटलं ना गं त्यांना."

"ते तुमच्या ॲपमधल्या निरोपासारखं सॉरी झालं."

मला राग आला. माफी मागायला जाण्याऐवजी मी मनात वकिली करत राहिलो. वाक्य तर चुकीचंच होतं ना? 'तुम्हाला चुकलो' असं कोण म्हणतं?

त्याचं उत्तर सांगलीहून आलं. आईला रविवारी सकाळी फोन केला होता. बोलताना मागून मांजराच्या पिल्लाचं केकाटणं ऐकू येत होतं. मी विचारलं, काय झालंय त्याला?

"आईला चुकलंय रे बिचारं," आई म्हणाली. "मघापासून जिन्याखाली बसून ओरडतंय."

"काय म्हणालीस?" मी विचारलं. आईने तेच पुन्हा सांगितलं.

आईला चुकलंय. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गर्दीत हात सुटलेलं पोर आईला चुकतं, वासरू कळपाला चुकतं. त्यात कुणाची चूक नसते. जो जवळ असायचा तो नाही आणि आपण त्याच्यावाचून उरलो, एवढंच त्यात असतं. अण्णांनी तेच तर सांगितलं होतं. पुण्याच्या मराठीत ते वाक्य बसतं की नाही, मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मी त्यांना शिकवलेल्या 'आठवण आली' पेक्षा त्यात जास्त होतं. आठवण येते आणि जाते. चुकलेला मात्र सापडेपर्यंत चुकलेलाच असतो.

दुपारची वाट न पाहता मी अण्णांकडे निघालो. तिकडे गाडी लावायला जागा नसते म्हणून बसने गेलो. वाटेत शब्द जुळवत होतो. 'माझं चुकलं' म्हणायचं ठरवलं आणि तेही पुरेना. माझं काहीतरी चुकलं, जणू ते आपलं आपण चुकलं आणि मी बाजूला उभा होतो. बस चुकली म्हणताना आपण बसला पुढे करतो, तसंच ते. 'मी चुकलो' म्हणायला हवं होतं.

घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, अण्णा भाजी आणायला मार्केटात गेलेत. मी मार्केटात गेलो. भाजीच्या रांगा पाहिल्या, फुलवाल्यांकडे पाहिलं, अण्णा दिसेनात. परत घराशी आलो तर बाई हसायला लागल्या, "आत्ताच आले होते. तुम्ही आलाय म्हटल्यावर तुम्हालाच शोधायला गेले." मी पुन्हा निघालो. रविवारची गर्दी, दोन्ही बाजूंनी ओरडणारे विक्रेते, आणि मी मान उंचावून एक पांढरं डोकं शोधत होतो. माझ्या वयाच्या माणसाला सांगायला लाज वाटावी, पण थोडा वेळ मला खरंच हात सुटलेल्या पोरासारखं वाटलं.

एका गल्लीच्या तोंडाशी ते मला दिसले. हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. त्यांनीही मला पाहिलं आणि झपाझप आले.

"व्हॉट हॅपन्ड? इज एव्हरीथिंग ऑल राइट? हाऊ इज युअर मदर?"

"आई बरी आहे, अण्णा. मी तुमच्याकडेच आलोय."

"देन कम, कम. वी विल हॅव कॉफी."

ते वळले. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, पण जागचा हललो नाही. बसमध्ये जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं.

"अण्णा, त्या दिवशी मी हसलो. मग ऑफिसात सांगून लोकांनाही हसवलं. तुम्ही बरोबर बोलला होतात. माझी आईपण तसंच म्हणते, मीच विसरलो होतो. मी चुकलो." एवढ्यावर थांबवेना. "आणि वर्षभर मी तुम्हाला चुकलो."

एक हातगाडी जायची होती, म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकलो. गाडी गेली.

"आमच्यात 'तुम्हाला' म्हणत नाहीत," अण्णा म्हणाले. "'तुमास' म्हणतात."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"अण्णा, मी चुकलो," मी म्हटलं. "मी तुमास फार चुकलो."